अपडेट चाललं, मग काउंट शून्य का?

प्रश्न : कॉलेजच्या लायब्ररीसाठी पीएचपीत छोटी सिस्टीम लिहितोय, डेटाबेस मायएसक्यूएल. मेंबरचा पत्ता अपडेट केला की पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायचं साधन) रोकाउंट, म्हणजे किती रो (टेबलमधल्या ओळी) बदलल्या तो आकडा, बघतो, ० आलं तर 'असा मेंबर नाही' असा मेसेज दाखवतो. पण कधीकधी मेंबर टेबलमध्ये असतो तरी ० येतं, एरर काहीच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : क्वेरी बरोबर आहे तुमची, फक्त त्या शून्याचा अर्थ वेगळा आहे. मेंबरने फॉर्म उघडला, काहीच न बदलता सेव्ह दाबलं, की नवा पत्ता आणि जुना पत्ता सेमच, मग मायएसक्यूएल म्हणतं रो सापडली पण बदललं काहीच नाही, आणि पीएचपीला बदललेल्यांचा आकडा मिळतो, सापडलेल्यांचा नाही. तीच क्वेरी मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर टाकून बघा, तिथे मॅच्ड १ आणि चेंज्ड ० असं वेगवेगळं दिसेल. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, तिथे व्हेअरमध्ये (कुठली रो बदलायची ती अट) बसलेली रो मोजली जाते, व्हॅल्यू तीच राहिली तरी.

उपाय सोपा आहे. कनेक्शन उघडतानाच ऑप्शनमध्ये मायएसक्यूएल अ‍ॅट्रिब्यूट फाउंड रोज हे ट्रू करा (नंतर सेट करून चालत नाही), मग रोकाउंट सापडलेल्या रो देईल आणि ० म्हणजे खरंच मेंबर नाही.

आणि एक कराच, कळकळीने सांगतोय. आकडा नुसता मेसेजसाठी वापरू नका. ट्रान्झॅक्शन सुरू करा, अपडेट चालवा, काउंट बरोबर १ असेल तरच कमिट (बदल पक्का करणं), नाहीतर रोलबॅक (बदल मागे घेणं). व्हेअर लिहायचं राहिलं आणि सगळ्या मेंबरांना एकच पत्ता लागला तर तो आकडाच तुम्हाला वाचवतो, पण कमिटच्या आधी बघितला तरच. टेबलचं स्टोरेज इंजिन (डेटा साठवायची पद्धत) इनोडीबी आहे ना ते मात्र बघून घ्या, मायआयसॅम असेल तर रोलबॅक होतच नाही.

पुढे कधी इन्सर्टला ऑन डुप्लिकेट की अपडेट (तीच की आधीच असेल तर नवी रो न घालता जुनी बदलणं) जोडलंत तर काउंट वेगळा येतो, नवी रो गेली तर १ आणि जुनी बदलली तर २, तेव्हा २ दिसलं म्हणून दोन मेंबर बदलले असं समजू नका.