नागरिकत्व, नागरिकता, नागरिकशास्त्र की नागरिकपण?

प्रश्न असा आहे : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एका नव्या अभ्यासक्रमाचा आराखडा तयार होतो आहे. वर्गात नाना भाषांची आणि धर्मांची मुलं असतील, काही दुसऱ्या देशांतूनही आलेली असतील. आराखड्यातलं पहिलंच उद्दिष्ट ‘विविधतेने नटलेल्या समाजात विद्यार्थ्यांना नागरिकत्व शिकवणे’ असं लिहिलं आहे आणि ते कानाला खटकतं. ‘नागरिकत्व’ऐवजी ‘नागरिकता’ म्हणावं का, की सरळ ‘नागरिकशास्त्र’?

खटकतं ते योग्यच आहे. पण त्यात ‘त्व’ प्रत्ययाचा दोष नाही. वक्तृत्व शिकवता येतं, नेतृत्वाचं प्रशिक्षण देता येतं. अडचण आहे ती या शब्दाशी जुळलेल्या क्रियापदांची. मराठीत नागरिकत्व मिळतं, नाकारलं जातं, सोडता येतं, रद्द होतं. त्यासाठी अर्ज करतात, पुरावे जोडतात. ही सगळी भाषा कागदपत्रांची झाली. कायद्यानंही हाच अर्थ पक्का केला आहे. भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागाचा विषय नागरिकत्व, आणि १९५५चा कायदाही नागरिकत्वाचाच. त्यामुळे ‘नागरिकत्व शिकवणे’ वाचलं की डोळ्यांपुढे आधी पासपोर्ट येतो, वर्ग नंतर.

‘नागरिकता’ केल्यानं काही साधत नाही. पाणिनीनं ‘तस्य भावस्त्वतलौ’ या एकाच सूत्रात ‘त्व’ आणि ‘ता’ दोन्ही प्रत्यय भाववाचक म्हणून सांगितले आहेत. या शब्दापुरता ‘ता’ हिंदीनं उचलला, ‘त्व’ मराठीनं. काही जोड्यांमध्ये मराठीनं अर्थाची वाटणी केली आहे, हे खरं. विषयावर असतं ते प्रभुत्व, प्रभुता म्हटलं की सत्ता. नागरिकत्व-नागरिकता या जोडीत तशी वाटणी झालेली नाही. वाचकाला एवढंच वाटेल की शब्द हिंदीतून घेतला.

‘नागरिकशास्त्र’ म्हणजे राज्यव्यवस्थेची माहिती : सभागृहं किती, मुदत किती, कोणाचे अधिकार काय. ती हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. इंग्लंडमध्ये १९९८ साली राज्यशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नागरिकत्वाच्या शिक्षणाचे तीन धागे सांगितले होते : सामाजिक आणि नैतिक जबाबदारी, समाजाच्या कामात सहभाग, आणि राजकीय साक्षरता. तो अहवाल शाळांसाठी होता, तरी विद्यापीठालाही ही मांडणी उपयोगी पडते. ‘नागरिकशास्त्र’ या शब्दात यातला फार तर तिसरा धागा मावतो.

मला इथे ‘नागरिकपण’ हा शब्द हवासा वाटतो. ‘पण’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला प्रत्यय आहे, आणि त्याच्याबरोबर येणारी क्रियापदंच वेगळी आहेत. माणूसपण जपतात, शहाणपण येतं, मोठेपण निभावावं लागतं. यातली कुठलीच गोष्ट अर्ज करून मिळत नाही. मात्र ‘नागरिकपणा’ करू नये. ‘पणा’ लावला की प्रामाणिकपणा, वेंधळेपणा यांसारखा स्वभावातला गुण किंवा दोष सुचतो.

दोन शब्दांमधला फरक उदाहरणानं पाहू. समजा, परीक्षेची तारीख वर्गातल्या काहींच्या सणाच्या दिवशी आली. तारीख बदलावी असं काहीजण म्हणतात. बदलली तर नोकरी करून शिकणाऱ्यांनी घेतलेली रजा वाया जाते. अध्यापक निर्णय वर्गावर सोपवतात, पण एक अट घालतात : प्रत्येकानं आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं मांडायचं, की त्या बाजूच्या माणसानं ‘हो, हेच माझं म्हणणं आहे’ असं म्हणावं. या चर्चेत परदेशातून आलेली एक विद्यार्थिनी दोन्ही गटांना मान्य होईल असा मार्ग सुचवते. इथलं नागरिकत्व तिच्याकडे नाही. त्या तासाला नागरिकपण मात्र तिनं पुरेपूर निभावलं. अभ्यासक्रमाला जे शिकवायचं आहे ते हे.

कोणी म्हणेल, मुळात ‘नगर’ असलेला शब्द खेड्यातल्यांना कसा चालेल? व्युत्पत्तीनं इतकं बिचकायचं कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरिक’ हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे. तो अर्थ आज कोणाच्या मनातही येत नाही.

‘विविधतेने नटलेल्या’बद्दल मात्र माझा आग्रह आहे : ते काढाच. ते शाळेतल्या प्रतिज्ञेतून आपल्या तोंडी बसलं आहे, आणि तिथे परंपरांविषयी बोलताना ते शोभतंही. पण नटणं म्हणजे सजणं. एकाच वर्गात कोणाची घरची भाषा आणि अध्यापनाची भाषा एकच असते, तर कोणाला प्रत्येक वाक्य मनात उलटवून मग बोलावं लागतं. हा फरक दागिन्यासारखा मिरवायचा नाही, त्यातून वाट काढायची आहे. ‘बहुसांस्कृतिक’ही अपुरा पडतो, कारण आर्थिक स्थिती, अपंगत्व, लिंगभाव हे भेद संस्कृतीच्या खात्यात बसत नाहीत. साधं ‘विविध स्तरांतल्या आणि समूहांतल्या लोकांचा समाज’ म्हणावं. लांब आहे, पण नेमकं आहे.

तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव ‘नागरिकत्वाचं शिक्षण’ राहू द्या. ‘शिक्षण’ जोडल्यावर ते खटकत नाही आणि कार्यालयीन कागदांवरही चालून जातं. उद्दिष्ट असं लिहिता येईल : ‘आपल्याहून वेगळ्या लोकांबरोबर सार्वजनिक प्रश्नांवर विचार करण्याचा आणि निर्णय घेण्याचा सराव विद्यार्थ्यांना देणे.’ मजकुरात कायदेशीर दर्जाबद्दल बोलताना ‘नागरिकत्व’ आणि वागण्याबद्दल बोलताना ‘नागरिकपण’ वापरा. जिथे परदेशी विद्यार्थीही अभिप्रेत असतील तिथे ‘नागरिक’ न लिहिता ‘व्यक्ती’ लिहा. संविधानही हा भेद पाळतं : कायद्यापुढची समानता सांगणारा अनुच्छेद १४ व्यक्तीबद्दल बोलतो, तर भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ नागरिकांबद्दल.