वर्गणी भरणाऱ्या वैमानिकाने हिशेब मागावा का?

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा असून प्रतापनगरात आमचे घर आहे. एका विमान कंपनीत को-पायलट आहे आणि बेस, म्हणजे ड्यूटी जेथून सुरू होते ते ठिकाण, मुंबई आहे. आमच्या संघटनेची वर्गणी दर महिन्याला पगारातून कापली जाते. सर्वसाधारण सभा मात्र मुंबईत, ऐनवेळी कळवून होते आणि त्या दिवशी बरेच सभासद उड्डाणावर असतात. वकिलांवर झालेल्या खर्चाचा तपशील मी विचारला, तेव्हा एका ज्येष्ठ कॅप्टनसाहेबांनी, "वाटाघाटी चालू असताना व्यवस्थापनाच्या हाती कोलीत देऊ नका," असे सुनावले. माझे चुकले का?
— एक सभासद, नागपूर

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. नोंदणीकृत संघटनेची हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क 1926 च्या कामगार संघटना कायद्याने प्रत्येक सभासदाला दिला होता, आणि त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. लेखापरीक्षण झालेले वार्षिक विवरण संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकांकडे पाठवावे लागते. जो आकडा सरकारी कार्यालयात जातो, तो वर्गणी देणाऱ्यापासून लपवण्याला काहीच आधार उरत नाही.

कॅप्टनसाहेबांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, तेही नोंदवतो. कोणत्या मागणीवर किती मागे यायचे, हे वाटाघाटी संपेपर्यंत गुप्त राहिलेच पाहिजे. पण वकिलाची फी आणि पदाधिकाऱ्यांचा प्रवासखर्च यांना डावपेच म्हणता येत नाही. काय गुप्त आणि काय खुले, हे कार्यकारिणीने ठराव करून एकदाच लिहून ठेवावे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेण्याची वेळ येणार नाही.

सभासदांनी प्रश्न विचारल्याने संघटना दुबळी होते, ही भीती मला पटत नाही. अमेरिकेत 1931 साली स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनमध्ये वैमानिक स्थानिक परिषदांतून आपले प्रतिनिधी निवडतात आणि वेतनकरार सभासदांच्या मतदानाला टाकला जातो. 2015 मध्ये तिथल्या डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी आपल्याच प्रतिनिधींनी पुढे केलेला करार सुमारे 65 टक्के मतांनी फेटाळला. संघटना फुटली नाही. ती पुन्हा वाटाघाटीला बसली आणि 2016 च्या अखेरीस नवा करार सभासदांनी मोठ्या बहुमताने मान्य केला.

आता जरा तुमच्या बाजूकडे वळतो. 1 जुलै 2025 पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली, त्यामागे वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात केलेला पाठपुरावा होता. अशा लढ्यात वकील कितीही नामवंत असला, तरी त्याला बळ मिळते ते सभासदांनी वेळच्या वेळी लिहिलेल्या थकव्याच्या अहवालांमुळे : रात्री किती लँडिंग झाली, हॉटेलच्या खोलीत किती वाजता पोचलो, पुन्हा रिपोर्टिंग किती वाजता होते. हा फॉर्म भरायचा कंटाळा करून पदाधिकाऱ्यांना जाब विचारणारे सभासदही असतात, आणि ते मला तितकेच खटकतात. शिवाय नव्या संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता मिळते. उदासीन सभासद दुसऱ्या संघटनेकडे वळले, तर त्याची झळ थेट वाटाघाटीच्या टेबलावर बसते.

तुम्ही आधी संघटनेची नियमावली मागवा आणि सर्वसाधारण सभेची नोटीस, गणपूर्ती व निवडणूक यांची कलमे नीट वाचा. मग सरचिटणीसांना लेखी पत्र द्या : मागील वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद, कायदेशीर खर्चाची खातेवही आणि कार्यकारिणीच्या सभांची इतिवृत्ते पाहायची आहेत, वेळ द्यावी. भाषा सौम्य ठेवा आणि पोच घ्या. नागपुरात घर आणि बेस बाहेरगावी असलेले इतर वैमानिक सोबत सही करत असतील तर फारच उत्तम, कारण एकट्याच्या पत्राला दाबून ठेवणे सोपे असते. सभेची तारीख पुढच्या महिन्याचे रोस्टर (ड्यूटीचे वेळापत्रक) लागण्यापूर्वी जाहीर व्हावी आणि उड्डाणावर असलेल्यांना गुप्त ऑनलाइन मतदान करता यावे, अशी नियमदुरुस्ती याच सह्यांनिशी सुचवा. उत्तरच आले नाही, तर निबंधकांकडे तक्रार करता येते.

निषेध म्हणून वर्गणी मात्र थांबवू नका. थकबाकीदार सभासदाला अनेक संघटनांच्या नियमावलीत मतदानाचा हक्क राहत नाही, आणि तुमची दुरुस्ती सभेपुढे येईल त्या दिवशी तुमचे मत मोजले गेले पाहिजे.