फोटॉन मोजून पोट भरते का?

पुसद तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. चार एकर कोरडवाहू शेती. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्स. लोणारच्या सहलीत सरांनी अवकाशातल्या दुर्बिणींची गोष्ट सांगितली, तेव्हापासून तिनं घर डोक्यावर घेतलंय. ते लिहितात, ‘पोरगी म्हणते मले फोटॉन मोजाचा कॅमेरा बनवाचा हाय. तिची आत्या म्हणते बी.एड. कर. भाऊ, फोटॉन मोजून पोट भरते का?’

भाऊ, भरते. पण उशिरा भरते. पैशाचं पुढे सांगतो, आधी पोरगी काय म्हणते ते पाहू.

तुमचा कापूस काट्यावर वजनानं जातो, बोंडं कोणी मोजत नाही. साधा कॅमेराही तसाच, पडलेल्या उजेडाचं वजन करतो. क्विंटलभर कापसात काटा पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कोण विचारतो? पण त्याच काट्यावर चारच बोंडं ठेवा. माल किती आणि काट्याची चूक किती, कळायचंच नाही. दूरच्या आकाशगंगेतून येणारा अतिनील प्रकाश हा असा चार बोंडांचा माल. तो तोलून भागत नाही, कण न् कण मोजावा लागतो. तो कण म्हणजे फोटॉन.

इस्रोनं २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे. तिच्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागात, फोटॉन एका लेप दिलेल्या पृष्ठभागावर आपटतो आणि एक इलेक्ट्रॉन उडवतो. तो केसाहून बारीक भोकं असलेल्या काचेच्या चकतीत शिरतो. तिला मोठं व्होल्टेज दिलेलं असतं. भोकाच्या भिंतीवर आपटत एकाचे अनेक, अनेकांचे लाखो होतात. हा लोंढा पडद्यावर पडला की ठिणगीसारखा ठिपका चमकतो आणि मागची चिप त्याचा फोटो घेते, पूर्ण चित्राचे सेकंदाला सुमारे २९. एक ठिपका, एक फोटॉन. अडचण एवढीच, की एकाच फोटोत एकाच जागी दोन फोटॉन पडले तर एकच मोजला जातो. टिनावर पावसाचे पहिले थेंब मोजता येतात, धो-धो लागला की नाही. म्हणून या कॅमेऱ्याला अंधुक तारे बरे, ठळक तारे डोकेदुखी.

याच दुर्बिणीनं ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाचा एक तुकडा २८ तासांहून जास्त न्याहाळला. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेचे अतिनील किरण सापडले. पण ते खरे की डिटेक्टरची खरखर, हे तपासण्यात जवळपास दोन वर्षं गेली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ते २०२० मध्ये जाहीर केलं. आकारानं कितीतरी मोठ्या हबल या अवकाश दुर्बिणीला जे दिसलं नाही ते हिला दिसलं, कारण हिच्या काट्याची चूक फार कमी. टीव्हीवर रॉकेट दाखवतात. दोन वर्षं चूक शोधत बसलेला माणूस कोणी दाखवत नाही. तुमच्या पोरीचं काम हे दुसरं असेल, हे तिला आत्ताच सांगा.

आता वाट. बी.एस्सी. सोडून इंजिनिअरिंगला नव्यानं बसवू नका. आणि इलेक्ट्रॉनिक्स सोडू देऊ नका. एका मुलाला मी ‘नुसतं फिजिक्स धर’ असं सांगून बसलो होतो. पुढे सर्किट हाती आलं तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. ती चूक माझी. पुढच्या वर्षी तिनं जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, त्यातून आयआयटीत एम.एस्सी. मिळते. नाही जमलं तर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठही चालेल. मग जेस्ट किंवा नेटसारखी परीक्षा आणि पीएच.डी.: पुण्यात आयुका, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), बंगळूरला भारतीय खगोलभौतिकी संस्था.

एम.एस्सी.ची दोन वर्षं मात्र खर्च तुमचा, हे लपवत नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. खगोलशास्त्रात जागा थोड्या. पण हेच डिटेक्टरचं ज्ञान सीटी स्कॅनलाही लागतं. फोटॉन मोजणारी सीटी यंत्रं रुग्णालयांत आली आहेत. बी.एड. कुठे पळत नाही, एम.एस्सी.नंतरही करता येतं. आत्याबाईंना तसं सांगा.

आणि पोरीसाठी एक काम. जुना वेबकॅम घ्यायचा, समोर काळी टेप लावून उजेड पूर्ण बंद करायचा, एक्स्पोजर हातानं ठरवून तेच ठेवायचं आणि फोटो घ्यायचे. काळ्या फोटोतही ठिपके दिसतील, ते काट्याच्या चुकीचे. एकदा पौषातल्या पहाटे, एकदा मे महिन्यात भर दुपारी टिनाखाली. चिप सात-आठ अंश तापली की ही खरखर साधारण दुप्पट होते, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. दोन्ही वेळचे ठिपके मोजून वहीत लिहायचे. मोजता मोजता कंटाळली तर आत्याचं ऐका. चिडून पुन्हा मोजायला बसली, तर ती वही मला पाठवा.