विज्ञानपटांच्या मालिकेला स्वतःची ओळख कशामुळे मिळते?

माझ्या मते सर्वात आधी आवाजामुळे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधल्या लाइटसेबरची (प्रकाशाच्या तलवारीची) गुणगुण ध्वनिरचनाकार बेन बर्टने प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमुळे माइकमध्ये शिरलेली गुंजन मिसळून बनवली. मग तो आवाज स्पीकरवर वाजवत, समोर माइक फिरवून पुन्हा रेकॉर्ड केला. म्हणून पातं हललं की सूरही हलतो. त्यातल्याच टाय फायटर या लढाऊ यानाच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी आहे. डोळे मिटूनही मालिका ओळखता येते!

त्यानंतर आकार. ‘एलियन’ (१९७९) मध्ये परका जीव आणि त्याचं बेवारस यान यांची रचना चित्रकार एच. आर. गीगरची, तर माणसांच्या यानाच्या अंतर्भागाची मुख्यतः रचनाकार रॉन कॉबची. दोन वेगळे हात असल्यामुळेच परकेपण खरं वाटतं.

मालिका बिघडते ती बहुतेक वेळा नियमांपाशी. पहिल्या भागात प्रवासाला दिवस लागतात आणि तिसऱ्यात तेच अंतर क्षणात कापलं जातं, तेव्हा धोक्याला अर्थ उरत नाही. म्हणून तंत्रज्ञानाला काय जमत नाही, हे पहिल्या पटकथेआधीच लिहून ठेवावं.