समुद्रात कायमची वस्ती करता येईल का?

कुठल्याच देशाचा कायदा लागू नये म्हणून बोटींवर स्वतंत्र वस्ती उभारता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, वर्षाचा बराच काळ जहाजावर काढतो. माझं मत असं की बोटीवर खुशाल राहता येतं, पण किनाऱ्यावाचून नाही.

गोड्या पाण्याचंच घ्या. मुख्य इंजिनाला गार करून साधारण ८० अंशांचं पाणी बाहेर पडतं, ते आम्ही फ्रेशवॉटर जनरेटरमधून फिरवतो. आत व्हॅक्यूम असल्याने समुद्राचं पाणी ४०-५० अंशांनाच उकळतं आणि त्या वाफेचं गोडं पाणी होतं. इंधनाचा वेगळा खर्च नाही, पण जहाज चालू असेल तोवरच. नांगर टाकून बसलेल्या वस्तीला तेवढी उष्णता मिळणार कुठून? मग आरओ प्लांट आला, त्याला वीज आली, मेम्ब्रेन बदलणं आलं. किनाऱ्याजवळ पाणी घाण असतं म्हणून आम्ही तिथे हे यंत्र बंद ठेवतो. एका जागी बसलेली वस्ती सांडपाणी भोवतीच सोडणार आणि तिथलंच पाणी प्यायला ओढणार.

शिवाय गंज. डेकवर चिपिंग (गंज ठोकून काढणं) आणि रंगकाम कधी संपतच नाही, आणि तरीही पाच वर्षांत एक-दोनदा ड्राय डॉक करावं लागतं, म्हणजे जहाज कोरड्या गोदीत घ्यावं लागतं. गोदी किनाऱ्यालाच असते.

२०२० मध्ये काही जणांनी 'पॅसिफिक डॉन' हे जुनं क्रूझ जहाज विकत घेतलं, 'सातोशी' नाव दिलं आणि पनामाजवळ त्यावर वस्ती करायचं ठरवलं. विमाच मिळेना, बेत सोडावा लागला. कायद्याचं म्हणाल तर किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत समुद्रात उभारलेल्या बांधकामावर त्या देशाचा अधिकार चालतो. २०१९ मध्ये फुकेतजवळचं असंच एक तरंगतं घर थायलंडच्या नौदलाने हटवलं. २०० मैलांच्या पलीकडे गेलात तरी जहाजाला कुठल्यातरी देशाचा झेंडा, म्हणजे त्या देशाची नोंदणी आणि कायदा, लागतोच.

पिढ्यान् पिढ्या खरोखर समुद्रावर राहिलेले लोक म्हणजे बजाऊ. मलेशियात सेंपोर्नाच्या आसपास त्यांच्यातले काही आजही बोटींवर राहतात. पाण्याला, सरपणाला आणि दफनाला तेही बेटांवर येतात. त्यातल्या अनेकांकडे कुठल्याच देशाचे कागद नाहीत, त्यामुळे मुलांना सरकारी शाळा मिळत नाही. कुठल्याच देशाचं नसणं ही मागून घेण्यासारखी गोष्ट आहे, असं मला त्यामुळेच वाटत नाही.

तुम्हाला समुद्राचीच ओढ असेल तर शिडाची बोट घ्या, तिची रीतसर नोंदणी करा आणि बंदराबंदराने राहा. तशी कुटुंबं जगभर आहेत. सुरुवातीलाच डिझेल इंजिनाची दुरुस्ती मात्र शिकून घ्या.