घरावर झुकलेला फणस

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरावर जुना फणस कलला आहे. सातबारा सामाईक. तोडायला परवानगी लागेल का?

उत्तर : लागेल. झाड तुमच्या परड्यात असलं तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, किंजळ, ऐन यांच्याबरोबर फणसही आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून द्या. सोबत ताजा सातबारा, गटाचा नकाशा, झाडाची जागा दाखवणारं कच्चं रेखाटन आणि छातीच्या उंचीवर, सुमारे १.३७ मीटरवर, मोजलेला घेर. फोटोत बुंधा आणि कौलं एकत्र दिसू देत. नुसत्या बुंध्याच्या फोटोवरून धोका कळत नाही.

अडतं ते संमतीपाशी. निम्मे हिस्सेदार मुंबईत, एखाद्याची वारसनोंदच नाही. ती आधी तलाठ्याकडे उरका, नाहीतर अर्ज तिथेच लोळत पडतो. पाहणीपर्यंत झाडाला कोयता लावू नका. आणि लाकूड गिरणीवर न्यायचं असेल तर वाहतूक पासाचं आधीच विचारा. तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीची नव्हे. फांद्याच छाटून भागणार असेल तर अर्जात तसंच लिहा.