लेक आरतीला उभी राहत नाही

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मुलगी 17 वर्षांची, ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखं) आहे. गेल्या दिवाळीत तिनं जाहीर केलं, मी देव मानत नाही. लक्ष्मीपूजनाला खाली आली नाही. आता संकष्टीची आरती सुरू झाली की वर खोलीत जाऊन बसते. धाकटा 11 वर्षांचा, तोही 'ताई येत नाही तर मी का?' म्हणतो. ह्यांना मंडळातले लोक काय म्हणतील याची काळजी. येत्या गणपतीला सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत, त्यांना काय सांगू? मागच्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी मुलीची पाळी होती, आत्यानं तिला लांब बसायला सांगितलं, तेव्हाही घरात बोलाचाली झाली होती. आमचं कुठे चुकलं?"

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. भाद्रपदात मुलीला गौरींपासून लांब बसवलं आणि आश्विनात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनं देव नाकारला. या दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. पण तुम्ही तिला कधी विचारलंत का? त्या दिवशी, पाहुण्यांदेखत, तिच्या बाजूनं कोण बोललं? बोलाचाली झाली म्हणता, ती नेमकी कोणाकोणात? मला येणाऱ्या पत्रांत मुलींच्या बाबतीत हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं, आणि दर वेळी ते असंच एखाद्या वाक्यात उरकलेलं असतं. तुमची मुलगी शाळेत जीवशास्त्र शिकते की नाही, ठाऊक नाही. न शिकणाऱ्या मुलीलाही कळतं, की ज्या देवीच्या नैवेद्याच्या पुरणाला सकाळी हात लागलेला चालला नाही, तिच्याच आरतीला एरवी हजेरी लावायचा आग्रह होतो.

तेव्हा आधी तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोला. देव हा विषय काढूच नका. तुम्हाला तेव्हा गप्प बसावं लागलं असेल तर तसं सांगा, आणि यापुढे आपल्या घरात ही शिवाशीव पाळली जाणार नाही, हे ठरवून टाका. हे ती आरतीला यावी म्हणून करायचं नाही. ती आली नाही तरी करायचं.

आता दुसरी शक्यता: तिचा खरोखरच विश्वास उडाला असेल. मग ते तिचं मत आहे, आजारपण नव्हे. ती जिथं वाढली, तिथं हे बंडही नाही. इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत 25.2 टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असं नोंदवलं होतं. 2021 मध्ये ते 37.2 टक्के झाले. शिवाय तिथल्या शाळांत आर.ई.चा, म्हणजे धर्मांची ओळख करून देणाऱ्या विषयाचा, तास असतो. आपली मुलं तिथून प्रश्न घेऊन घरी येतात आणि आपण 'असं विचारायचं नसतं' म्हणून मोकळे होतो. खरं सांगा, मंत्रपुष्पांजली आपण किती झोकात म्हणतो! ती बरीचशी राज्यांच्या प्रकारांबद्दल आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? मुलीला कदाचित त्यातच रस वाटला असता.

'इथल्या हवेनं बिघडली' असं मात्र मनातही आणू नका. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) देवाधर्मावर उघड टीका करत होते. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते बधले नाहीत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, आणि आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत. नास्तिक आणि भाविक एका छपराखाली राहण्याची सोय मराठी घरात जुनीच आहे.

साताऱ्यात देव न मानणारा काका खुशाल मांडवात बसतो, विसर्जनाला ताशाही वाजवतो. त्याच्या मराठीपणाबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण भाषा, नाती, खाणंपिणं हे सगळं गल्लीच सांभाळते. परदेशात आपण हा सगळा भार देव्हाऱ्यावर टाकला. मराठी बोलायचं ते गणपतीत, नातलगांना व्हिडिओ कॉल आरतीच्या वेळी, साडी नेसायची तीही तेव्हाच. म्हणून ती वर खोलीत गेली, की तुम्हाला वाटतं पोर आपल्यातूनच गेली. तसं झालेलं नाही. तुम्ही मराठीसाठी दुसरं दार ठेवलं नाही, आणि चुकलंच असेल तर एवढंच. आजीशी दर आठवड्याला बोलणं, उन्हाळ्यात साताऱ्यात राहणं, मराठीतून भांडणं, याला देव लागत नाही.

गणपतीत तिच्याकडून काय मागायचं? त्या दिवशी घरी राहा, मोदक वळायला बस, आलेल्यांचं हवं-नको बघ, आणि कोणाच्या श्रद्धेची टिंगल करू नकोस. इतकं मागणं रास्त आहे. आरतीच्या वेळी गणपतीच्या खोलीत नुसती उभी राहशील का, हे एकदा विचारायला हरकत नाही. नाही म्हणाली तर तिथंच थांबा. 'आजीसाठी हात जोड' हे मला पटत नाही. तिला नाटक करायला लावायचं आणि आजीला फसवायचं, यात भक्ती कोणाची झाली?

धाकट्याला झांजा द्या. त्याच्या वयात तेवढं पुरतं. 'ताईसारखा होऊ नकोस' हे वाक्य चुकूनही नको.

राहिल्या सासूबाई. त्या येऊन चार दिवसांत त्यांना कळणारच आहे, तेव्हा तिकीट काढायच्या आधीच फोनवर सांगा: नात आरतीला नसेल, आणि पाळीच्या दिवसांत तिला कोणी काही सांगायचं नाही. त्यांना वाईट वाटेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण सगळ्यांसमोर, प्रवासाच्या थकव्यात कळण्यापेक्षा ते बरं. हेच आत्यांनाही कळवायचं. आणि हे फोन तुम्ही करू नका. आई ह्यांची, बहीण ह्यांची. मंडळाची काळजी बाजूला ठेवून दोन्ही फोन ह्यांनीच करायचे.